मदत हवी आहे: माको शार्क आणि आयव्हीचा वेल, तुलना खडबडीतपणावर करावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात राहतो. लेकीला शाळेत प्रकल्प दिलाय: एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन सजीव घ्या आणि तुलना करा. तिने माको शार्क आणि आमच्या मागच्या भिंतीवरचा आयव्ही निवडला. मासा आणि वनस्पती, समुद्र आणि जमीन असा तक्ता झाला, पण तिचं तिलाच समाधान होईना.

रविवारी तो वेल ओढून काढला. वेल आला, मुळं विटेवरच राहिली. गोमेच्या पायांसारखी दाट, तपकिरी. नखाने खरवडली तरी निघेनात. तेव्हा मला रत्नागिरीची मुशी (लहान शार्क) आठवली. आजी कढत पाणी ओतून तिची कातडी खरवडायची. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिश पेपर. हे ऐकून लेकीने विषयच फिरवला: एक कशालाही चिकटतो, दुसरा अंगाला सहसा काही चिकटू देत नाही. (रेमोरा मासा शार्कला चिकटतो, पण तो डोक्यावरच्या चोषकाने.)

आता वाचलेलं सांगतो. शार्कचा प्रत्येक खवला म्हणजे इवलासा दातच: आत गर, वर डेंटिन (दाताचा कठीण भाग), त्यावर इनॅमलसारखा थर. माकोच्या कुशीवरचे खवले जेमतेम 0.2 मिलिमीटरचे, अंगालगतचं पाणी उलटं वाहू लागलं की ते उभे राहतात आणि प्रवाह अंगापासून सुटू देत नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या कातडीवरून 2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या उठावदार रेघांचा पृष्ठभाग बनवला, त्यावर शेवाळाचे बीजाणू फारसे बसत नाहीत. उलट आयव्हीच्या मुळांतून पाझरणाऱ्या डिंकातले कण सुमारे 70 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). मुळांवरची केसं भिंतीच्या फटींत शिरतात आणि वाळली की पीळ घेऊन घट्ट बसतात.

अडलंय ते इथे. आयव्हीला पकडीसाठी खडबडीतपणा लागतो, आणि शार्कची कातडी खडबडीत असूनच स्वच्छ राहते. मग फरक फक्त मापाचा का? बीजाणू त्या रेघांपेक्षा मोठा म्हणून त्याला नीट टेकता येत नाही, आणि डिंकाचा कण रेघेच्या रुंदीपेक्षा जवळपास 30 पट लहान म्हणून तो खाचेत सहज उतरेल, असं मी लेकीला समजावलंय. ते बरोबर आहे का? तिला चुकीचं सांगून ठेवायचं नाही, म्हणून विचारतोय.

शिवाय हे घरच्या घरी दाखवता येईल असा प्रयोग कुणाला सुचतोय का? वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर आणि डिंक आणून ठेवलेत. प्रकल्प पुढच्या शुक्रवारी द्यायचाय.