डीव्हीडी ड्राइव्ह गायब, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड १९

पुणेरी_पीसी
नमस्कार मंडळी, जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, विंडोज १०, आत साटावाला (साटा केबलने मदरबोर्डला जोडलेला) डीव्हीडी रायटर. परवापर्यंत नीट चालत होता आणि आता धिस पीसी उघडलं की नुसते सी आणि डी, डीव्हीडीचा पत्ताच नाही. बटण दाबलं की ट्रे मात्र मस्त बाहेर येतो, लाइटपण लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड १९. अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट मारलं, जैसे थे. दुकानवाला म्हणतो नवीनच टाका. ताईच्या लग्नाच्या डीव्हीडी बघायच्यात, आई रोज विचारते. खरंच गेला का ड्राइव्ह?

केबलकाका
ट्रे बाहेर येतो म्हणजे पॉवर पोचतेय, एवढंच. डेटाची केबल वेगळी असते. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जा, साटा पोर्टच्या यादीत ड्राइव्हचं नाव आहे का बघ. नसेल तर सगळं बंद करून केबल काढून परत घट्ट बसव, नाहीतर दुसऱ्या पोर्टला लाव. बिनक्लिपच्या केबली धूळ झटकताना हात लागला तरी सैल होतात.

रजिस्ट्री_भाऊ
काका, त्याला डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतोय ना, म्हणजे केबल ओके. कोड १९ म्हणजे रजिस्ट्रीत, विंडोज सेटिंग्ज ठेवतं त्या नोंदवहीत, घोळ. बर्निंगचं किंवा व्हर्च्युअल ड्राइव्हचं काही टाकलं-काढलं का रे इतक्यात? ही सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये स्वतःचा फिल्टर (छोटा ड्रायव्हर) घुसवतात आणि जाताना नोंद तशीच ठेवून जातात, मग विंडोज बसतं शोधत.

विंडोज+आर दाब, रेजएडिट टाइप कर, रजिस्ट्री उघडेल. एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास, आणि त्यात ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी 'की' (म्हणजे फोल्डर). उजवीकडे क्लाससमोर सीडीरॉम लिहिलंय ना ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण थोडं खाली ९६७ वाली आहे ती हार्ड डिस्कची, तिथले फिल्टर उडवलेस तर विंडोज बूटच व्हायचं नाही कदाचित. आधी फाइल मेनूतून ही 'की' एक्स्पोर्ट करून ठेव. मग अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स जे असेल ते डिलीट, रीस्टार्ट. नंतर एखादं बर्निंग सॉफ्टवेअर रुसलं तर ते परत इन्स्टॉल कर.

पुणेरी_पीसी
भाऊ _/\_ बायोसमध्ये नाव होतंच. अपरफिल्टर्स एकटंच होतं, उडवलं, रीस्टार्ट केलं आणि ई ड्राइव्ह हजर! भाच्याने कुठलंसं ट्रायल सॉफ्टवेअर टाकून काढलं होतं म्हणे. आता नवीन भानगड, गाण्यांच्या सीडी वाजतात, हळदीची डीव्हीडी चालते, पण लग्नाची नुसती घरघर करते आणि हँग. लेन्स गेली का?

केबलकाका
सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. त्यामुळे सीडी वाजून सगळ्याच डीव्हीडी अडकल्या असत्या तर मी ड्राइव्हवर संशय घेतला असता. एक चालतेय, म्हणजे डिस्कच खराब. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पूस, गोल गोल नको. फोटोवाल्याने घरी बर्न केलेल्या डिस्कचा रंगाचा थर वर्षांनी उतरतो, तसं असेल तर पुसूनही फरक नाही, मग दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हमध्ये घालून बघ, एकात न वाचलेली दुसऱ्यात कधीकधी वाचते.

आणि हळदीची चालतेय तोवर तिचं व्हिडिओ_टीएस फोल्डर (व्हिडिओ त्यातच असतो) अख्खं हार्ड डिस्कवर कॉपी करून घे, व्हीएलसी प्लेअरमध्ये फोल्डर उघडून चालतं. आजच कर.