मदत हवी आहे: आईला घेऊन रेक्याविक, पाच दिवस, गुडघे दुखरे

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन आइसलँडला जातोय. शेंगेन व्हिसा हातात आलाय, तिकिटं झालीत, रेक्याविकमध्ये पाच रात्रींची खोलीही घेतलीय. पुढचं ठरवताना मात्र अडलोय. घरातल्या वयस्कर माणसांना तिकडे नेलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.

आई ६८ वर्षांची. साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवायची. टेबलावर दोन वह्या चिकटवून ठेवायची, मग हळूच एकमेकींपासून लांब सरकवायची. ही उत्तर अमेरिकेची भूपट्ट, ही युरेशियाची, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. मधली खचदरी पायी चालत बघायची तर आइसलँडला जावं लागतं, असं वर्गात सांगायची. स्वतः कधी गेली नाही. म्हणून या सहलीत बाकी काही सुटलं तरी चालेल, ती दरी जिथे आहे ते थिंगवेट्लिर सुटता कामा नये.

अडचण गुडघ्यांची आहे. घराच्या बावीस पायऱ्या कठडा धरून चढते. उतरताना एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. सपाटीवर काठी घेऊन अर्धा-पाऊण तास चालते. थिंगवेट्लिरला वरच्या माहिती केंद्राजवळ गाडी लावून कड्यावरून दरी दिसते, इतकं वाचलंय. पण तिथून अल्मान्नाग्याउच्या घळीत उतरणारी वाट किती तीव्र आहे? आईला खाली त्या कातळाच्या भिंतीला हात लावायचाय. इसवी सन ९३० मध्ये जिथे आइसलँडची पहिली लोकसभा भरली, ती जागाही तिथेच आहे. घळीत उतरून परत वर न चढता खालून गाडीत बसता येतं का?

दुसरा प्रश्न गाडीचा. थिंगवेट्लिर, गेयसिरचे गरम पाण्याचे झरे आणि गुटलफॉस धबधबा ही फेरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होते. बसने एका दिवसात होते, पण मागे एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो, तिथे प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळायची. आई स्वच्छतागृहापर्यंत जाऊन परत येईतो बस सुटायची वेळ. तिचा पडलेला चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. गेयसिरजवळचा स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा फवारा पाच-दहा मिनिटांनी उडतो म्हणतात. तिला तो चार-पाच वेळा उडताना बघू द्यायचाय. म्हणून स्वतः गाडी चालवायचा विचार आहे. उजव्या बाजूने चालवायची सवय मला दोन दिवसांची आहे. पण तिथला वारा! दार उघडताना वाऱ्याने उलटं फिरून बिजागरी तुटते आणि तो खर्च विम्यात बसत नाही, असं ऐकलंय. सप्टेंबरअखेर खरंच इतका त्रास होतो का? वाळू-राखेचा वेगळा विमा घ्यावा का?

दक्षिण किनाऱ्यासाठी एक दिवस ठेवलाय. सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून जाणारी ओली वाट आम्ही सोडणार. रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावरही लाटांपासून दूरच राहू, तिथली लाट अचानक आत येऊन माणसं ओढून नेते. पण तिथले बेसाल्टचे खांब तिला दाखवायचेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला ती मुलांना घेऊन गेली होती, तसेच खांब. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तसाच काळा दगड आइसलँडमध्ये आजही बनतोय, हे सांगताना तिचा आवाज अजून वर्गातल्यासारखा चढतो. गाडीतळावरून, पाण्याजवळ न जाता ते खांब दिसतात का?

योकुल्सारलोनची हिमनगांची खाडी एका बाजूलाच पावणेचारशे किलोमीटर आहे, म्हणून ती काढून टाकली. चूक केली का?

जेवणाचं थोडक्यात: आई अंडंही खात नाही. खोलीत स्वयंपाकघर आहे, त्यामुळे तांदूळ, मूगडाळ, मेतकूट नेतोय. डाळ-तांदूळ आणि मसाले नेण्यावर काही बंधन आहे का?

आणि ध्रुवीय प्रकाश. रात्री नऊनंतर अंधार होईल असं दिसतं. शहराच्या दिव्यांपासून जवळच, आईला गाडीत बसूनच आकाश दिसेल अशी एखादी जागा ठाऊक असेल तर सांगा. थंडीत तिला तासभर उभं करता येणार नाही.