अनुभव धागा: गावात फसवणूक, छळ, चोरी झाली तेव्हा तुम्ही कोणाला सांगितलं?

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका आजीची पोत गेली. मोटारसायकलवर दोन पोट्टे आले, पितळेची समई पावडरनं लखलखीत करून दाखवली आणि म्हणाले, "आजी, पोत पण उजळून देतो." हळदीच्या पाण्याचा डबा हातात दिला, अर्ध्या तासानं उघडायला सांगितलं. डब्यात नुसतं पिवळं पाणी. आजीनं तीन दिवस गळ्याभोवती पदर घट्ट धरून ठेवला, घरात कोणालाच सांगितलं नाही. "सून बोलन ना मले," एवढंच तिचं म्हणणं. तोवर चौकातल्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलं होतं. चोरीपेक्षा मला ते तीन दिवस जास्त लागले. म्हणून विचारते आहे: तुमच्यावर वेळ आली तेव्हा कोणाला सांगितलं, किती दिवसांनी, आणि पुढे काय झालं? गावाचं किंवा माणसाचं नाव लिहू नका.

यवतमाळ जिल्हा, शेतकरी
बहिणीच्या लग्नाला दोन लाख घेतले होते. सावकार गावातलाच, बाबांच्या पंगतीला बसणारा. गहाणखत न करता त्यानं दोन एकराचं सरळ खरेदीखतच करून घेतलं. "कागद फक्त भरवशासाठी, पैसे फेडले की उलटून देतो." व्याज महिन्याला शेकडा पाच. २०१७ च्या बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली आणि हप्ते थकले. दोन वर्षांनी तो सातबाऱ्यावर नाव चढवून वखर घेऊनच धुऱ्यावर उभा राहिला. बाबा म्हणाले, "सही आपलीच हाये, आता कोणाले सांगाव?"

तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात एका बाबूनं समजावलं. २०१४ च्या सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असला तरी शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. आमचं वर्षाला ६० पडत होतं. खरेदीखत झालेलं असलं तरी तो व्यवहार सावकारीतला होता हे चौकशीत दिसलं, तर जिल्हा उपनिबंधक जमीन परत द्यायचा आदेश देऊ शकतात. आमचा पुरावा म्हणजे आईची वही. कोणत्या तारखेला किती व्याज दिलं ते तिनं बहिणीच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं. सालगडी साक्षीला उभा राहिला, त्याचे उपकार फिटणार नाहीत. सव्वादोन वर्षं चकरा मारल्या. जमीन परत आली. दोन घरं अजून आमच्याशी बोलत नाहीत.

बुलडाणा जिल्हा
आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारींच्या केबली जायच्या. तांब्यासाठी. आम्ही बारा जणांनी रात्रीच्या पाळ्या लावल्या, आणि पोलीस पाटलांनी भंगारवाल्यांना बजावलं की जळकं तांबं आलं तर आधी मला फोन. चोर तिसऱ्या आठवड्यात भंगाराच्या दुकानावरच सापडला, शेतात नाही.

अमरावती जिल्हा, अंगणवाडी सेविका
नववीतली पोरगी. परराज्यातलं स्थळ, हुंडा नाही, उलट लग्नाचा खर्च तेच देणार. मधली बाई तालुक्याची, गोडबोली. मला तिथंच पाल चुकचुकली. बापाला विचारलं तर म्हणे, "मॅडम, चार पोट्ट्या हायेत मले. एक तरी सुटते." त्याच्यावर रागावता आलं नाही मला. हळद लागायच्या आदल्या संध्याकाळी १०९८ वर, मुलांच्या मदत क्रमांकावर, फोन केला. नाव गुप्त ठेवतात, ठेवलंही. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, त्यांनी शाळेतून जन्मतारखेचा उतारा आणला: पंधरा वर्षं. पोलीस आले तेव्हा मधली बाई पसार. पोरीला बालकल्याण समितीपुढे नेलं. आता ती वसतिगृहात राहून अकरावी करते. बापानं वर्षभर माझं तोंड पाहिलं नाही. दिवाळीला मात्र तुरीच्या शेंगा घेऊन आला.

वाशीम जिल्हा
आधारचा अंगठा लावून बँकेतले पैसे काढतात त्या गावातल्या केंद्रावर बाबांना "अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा" असं तीनदा सांगितलं. हातात एकदाचे दोन हजार दिले, पासबुकात तीनदा निघाले. मी त्याच संध्याकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, तक्रार केली, सकाळी बँकेत लेखी दिलं आणि पोच घेतली. कळवायला तीन दिवसांच्या वर जाऊ देऊ नका, नंतर बँक तुमच्यावरच ढकलते. पैसे दीड महिन्यानं आले. आता बाबांच्या आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद असतं, पैसे काढायचे त्या दिवशी मीच मोबाइलवरून उघडते.

वर्धा जिल्हा
आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. माझा नवरा रोज पिऊन यायचा. तंटामुक्ती समितीत तीनदा समझोता झाला, तीनदा मीच "सांभाळून घेईन" लिहून दिलं. चौथ्या वेळी शेजारच्या काकूंनी ११२ लावला. पोलिसांची गाडी आली. ठाण्यातही आधी "घरगुती मामला" म्हणाले, पण काकू हलल्याच नाहीत. नंतर संरक्षण अधिकारी भेटल्या, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली कोर्टातून आदेश मिळाला: मी त्याच घरात राहते, त्यानं माझ्यावर हात उचलायला मनाई. वकिलाचे पैसे लागले नाहीत, विधी सेवा प्राधिकरणानं दिला.

धागा सुरू करणारी
वर्ध्याच्या ताई, संरक्षण अधिकारी नेमक्या कुठे भेटतात? विचारणारी आत्ता माझ्यासमोर बसली आहे, तिच्याकडे फोन नाही.

वर्धा जिल्हा
जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारायचं. तुमचा जिल्हा कोणता? वर्धाच असेल तर सोमवारी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन या. मी स्टँडवर थांबते. लेकरांचे दाखले आणि दवाखान्याचे कागद असतील तेवढे पिशवीत घालायला सांगा.