उत्तर: चर्चगेटचं चर्च कुठे आहे?

वर एकांनी विचारलंय की चर्चगेटला चर्च दिसतच नाही, मग नाव कसं पडलं? मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या पोरांना घेऊन सेंट थॉमस कॅथेड्रलला गेलो होतो, तेव्हा एकीने अगदी हेच विचारलं. नावातलं चर्च म्हणजे हेच, फोर्टात, हॉर्निमन सर्कलजवळ. त्याच्याकडे जाणारा मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. 1860च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला, नाव तेवढं उरलं.

पायाभरणी 1676ची, पण काम चाळीसेक वर्षं रखडून चर्च उघडलं 1718च्या नाताळात. (मुंबईतली कामं तेव्हाही अशीच!) कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा दर्जा 1837चा.

गाइड सनावळ्या सांगत होते तेव्हा निम्मी पोरं मोबाइलमध्ये. पण भिंतीवरच्या संगमरवरी स्मारकांपाशी सगळी थबकली. मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकात दोन लहानगी बाळं कोरलीत. बालहत्या थांबवण्यासाठी त्याने केलेल्या प्रयत्नांची ती खूण. एक मुलगा तिथून हलेचना.

आणखी एक, मुंबईचे जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले. दादर-परळकडे फूटपाथवर दिसला तर जरा वाकून वाचा.