पाचवीत नापास करून मागे पडलेली मुलं पुढे येतील का?

काळीमाती (यवतमाळ जिल्हा)
राज्यात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तिथेही नापास झाला तर त्याच वर्गात. आमच्या गावात बहुतेकांना हे पटलंय, मला नाही. मी जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेत शिकवतो. पाचवीत अडणारा खरं तर दुसरीतच अडलेला असतो. जोडाक्षर आलं की थांबतो. हातच्याची वजाबाकी आली की मोठ्या अंकातून लहान वजा करून मोकळा होतो, मग तो अंक वर असो की खाली. वर्षभर फळ्यावरचं मात्र उतरवून घेतो. अक्षर सुरेख, वाचता येत नाही. त्याला पुन्हा पाचवीत बसवलं तर तेच पुस्तक पुन्हा उतरवेल.

रोज पहिला दीड तास इयत्ता बाजूला ठेवा. तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र बसवा आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, जो जिथवर वाचतो त्या गटात घ्या. 'प्रथम' ही संस्था असंच शिकवत आली आहे.

पऱ्हाटी
गुरुजी, धाक नसला तं पोट्टे वही उघडत नाहीत, अन् मायबापही इचारत नाहीत. माह्या पुतण्याले आठवीपर्यंत ढकलत आणलं. नववीत तालुक्याले गेला अन् दोन महिन्यात घरी बसला. पाचवीतच कोणी सांगितलं असतं का याले वाचता येत नाही, तं आमी काहीतरी केलं असतं. आता कोणाले इचारू?

काळीमाती
भाऊ, हे आमच्यावरच येतं, मान्य. सांगायलाच हवं होतं, पण तिसरीच्या ऑगस्टमध्ये, पाचवीच्या निकालात नाही.

मेळघाटची बाई
मी धारणीकडे शिकवते. गट पाडायला माझा विरोध आहे. इथली मुलं घरी कोरकू बोलतात. ती मुंडा कुळातली आदिवासी भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीतलं मूल माझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतं. अशा मुलाची मराठी वाचनाची चाचणी घेतली की ते 'अक्षर' गटात जातं आणि तिथेच राहतं. मग एका कोपऱ्यात सगळी कोरकू मुलं, दुसऱ्या कोपऱ्यात बाकीची! ही दरी आपणच आखलेली. त्यात दिवाळीनंतर घरंच्या घरं मजुरीला बाहेर पडतात, होळीला परततात. पहिली दोन वर्षं कोरकूत बोलणारं माणूस वर्गात द्या, गट नंतर.

वर्धेकाठ
दीड तास कुणाचा? शिक्षण हक्क कायद्यानं ६० पटापर्यंत शिक्षक दोन, वर्ग पाच. एक जण मतदार यादीच्या कामाला गेला की उरलेल्या एकानं चार गट सांभाळायचे? मीही हे करून पाहिलंय. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा उत्साह होता, पोळ्यापर्यंत गट मोडले. आधी माणसं भरा.

काळीमाती
बाई, तुमचं बरोबर आहे, तुमच्याकडे माझी पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. वर्धेकाठ, माणसं हवीतच. पण ती येईपर्यंत चौथीतली ही मुलं सातवीत जातील. माझ्याकडे गट टिकतात, कारण दर महिन्याला पुन्हा वाचून घेतो आणि मूल हलवतो. माझं अडतं ते कापूस वेचणीत. गेल्या नोव्हेंबरात शब्दावरून परिच्छेदावर आलेल्या मुली महिनाभर आल्याच नाहीत, परतल्या तेव्हा पुन्हा शब्दावर.

पऱ्हाटी
माही पोरगीही राहते घरी, खोटं काहून बोलू. तिची माय वेचणीले जाते अन् लहानग्याले ती पाहते. किलोवर पैसे हायेत, दिवस सोडता येत नाही. पण दहिवर वाळल्याशिवाय कापसाले हात लागत नाही. नऊपर्यंत माय घरीच असते. तेवढ्या वेळात तुमचा दीड तास घ्या ना.

काळीमाती
म्हणजे साडेसात ते नऊ. हे मला सुचलं नव्हतं. वेळ बदलायला वरून परवानगी लागेल, पण शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव असला तर मागता येईल. बुधवारी बैठक आहे. वहिनींनाही घेऊन या.