अनुभव धागा : लॅटिनो (लॅटिन अमेरिकी लोकांच्या) महोत्सवाची तयारी

रानजाई
काल कपाट आवरताना तळाशी पापेल पिकादोची माळ सापडली. पातळ रंगीत कागदात नक्षी कातरून दोरीला लावतात ती. जांभळा रंग पार उडालाय, पण टाकवेना. टेक्सासमधल्या आमच्या गावात लायब्ररीच्या आवारात हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या लोकांच्या) वारसा महिन्याचा महोत्सव केला होता, त्यातली आहे. मी खुर्च्या मांडायला म्हणून गेले होते आणि खाण्याच्या स्टॉलची सगळी जबाबदारी घेऊन घरी आले.

पहिली बैठक तारखेवरच अडली. हा महिना १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा असतो. १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन, साल १८२१. लगेच १६ ला मेक्सिकोचा. १९६८ मध्ये सुरुवात झाली तेव्हा नुसता आठवडा होता, १९८८ मध्ये महिना झाला. तर एक गृहस्थ म्हणाले, मे महिन्यात सिंको दे मायोलाच उरकू, लोकांना तो माहीत असतो. मागच्या रांगेतून एल साल्वादोरच्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, ५ मे ही प्वेब्लाची १८६२ ची लढाई, मेक्सिकोने फ्रेंचांना हरवलं तो दिवस. मेक्सिकोच्या लोकांनी जरूर साजरा करावा, पण त्यात आम्ही कुठे? तारीख तिथल्या तिथे सप्टेंबरची ठरली.

त्या आजी पुढच्या प्रत्येक बैठकीला आल्या आणि त्यांच्यामुळेच कार्यक्रम रंगला. ज्यांचा सण आहे त्यांना तारीख ठरवतानाच बोलवावं. सगळं ठरल्यावर फक्त नाचायला बोलावलं तर ते पाहुण्यासारखे येतात नि जातात. तुमच्यापैकी कोणी अशा तयारीत होतं का? लिहा.

कोकम_सरबत
होते ना! आमच्याकडे ओर्चातावरून, म्हणजे एका थंड पेयावरून, जुंपली. मेक्सिकोवाल्या ताई तांदूळ-दालचिनीची करतात, साल्वादोरवाल्या मोर्रो नावाच्या फळाच्या बियांची. दोघींचं म्हणणं, आमचीच खरी. शेवटी दोन पिंपं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही संपली.

माळरान
परवानग्या! त्यावर कोणीच कसं लिहीत नाही? काउंटीच्या आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना, हात धुवायची सोय, गरम पदार्थ १३५ फॅरनहाइटच्या वर ठेवायचे. आम्ही प्रत्येक स्टॉलला थर्मामीटर दिला. आणि पार्किंग. देवा. समोरच्या चर्चने आवार उघडून दिलं म्हणून निभावलं.

सुगरण_नाही
तमालेसबद्दल लिहितेच, मक्याच्या पिठात सारण भरून पानात बांधून वाफवतात ते. आदल्या रात्री शेजारणीच्या गॅरेजमध्ये सगळ्या बायका बसलो होतो. मक्याची सुकी पानं गरम पाण्यात भिजवलेली, एकीने पीठ थापायचं, दुसरीने सारण, तिसरीने घडी. ग्वाटेमालाच्या काकू केळीच्या पानात बांधत होत्या, मला एकदम आजीची पानगी आठवली. पानाचा तोच वास. गप्पा पण त्याच, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय. मला स्पॅनिश जेमतेम येतं तरी सगळं कळत होतं 😄

शाकाहारी मंडळींनो, विचारून खा. पिठात आणि बीन्समध्येही बऱ्याचदा डुकराची चरबी असते. आमच्या स्टॉलवर मोठ्या अक्षरात पाटी लावली होती, फार बरं पडलं.

पेठेतला
@सुगरण_नाही पानगीची कृती द्या की.

सुगरण_नाही
देते, मुलाला क्लासला सोडून येते.

शिकागोची_सून
ज्याने गाणी लावायची त्याने दुपारभर फक्त मारियाची, म्हणजे मेक्सिकोचं संगीत, लावलं. छानच असतं, पण डॉमिनिकन मंडळी बचाटाची वाट बघत होती, कोलंबियाचे लोक कुंबियाची. एक काका तीनदा जाऊन सांगून आले. मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी, सकाळपासून खपत होते. पुढच्या वर्षी गाण्यांची यादी आम्ही देशवार आधीच हातात दिली. झेंड्यांचीही यादी हवी बरं का. ब्राझीलचे लोक पोर्तुगीज बोलतात, ते हिस्पॅनिक नाहीत पण लॅटिनो आहेत. आमच्या समितीने त्यांचा झेंडा लावला आणि ते कढई घेऊनच आले.

माळरान
कढईत काय होतं??

शिकागोची_सून
फेजोआदा. काळ्या घेवड्याचं आणि मांसाचं कालवण, भातावर घ्यायचं.

अंगणवेल
थोडं वेगळं लिहिते. आमच्या गावात १ आणि २ नोव्हेंबरला दिया दे लोस म्युएर्तोस होतो, मृतांचे दिवस. पार्कात ओफ्रेंदा मांडतात, म्हणजे गेलेल्या माणसांसाठी सजवलेली वेदी. गेल्या वर्षी मी फुलं ओवायला होते. सगळीकडे झेंडू, ढीगच्या ढीग. मेणबत्त्या, पाणी, मीठ, पाव, कोपाल नावाच्या झाडाच्या डिंकाचा धूप, आणि ज्याचं जे आवडतं ते. एका ताईंनी भावाचा बेसबॉलचा ग्लव्ह ठेवला होता. त्या ताईंनी मला विचारलं, तुमचं कोणी? बाबा त्याच जूनमध्ये गेले होते. तिकीट मिळेना, मला जाता आलं नव्हतं. फोनमधला फोटो छापून आणला, सोबत चहाचा कप नि खारी ठेवली. पितृपक्षात इथे काही करता आलं नव्हतं, ते तिथे झालं. माझ्याशेजारी एक अनोळखी आजोबा बराच वेळ उभे राहिले, काही न बोलता.

रानजाई
अंगणवेल, वाचून डोळे भरले गं. बरं झालं तू लिहिलंस.

कोकम_सरबत
🙏 खारी. बाबांना पोचली असणार.

पेठेतला
झेंडू तिकडे कसा पोचला? आपला दसऱ्याचा ना तो?

माळरान
उलट आहे, झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिथून आपल्याकडे आला. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ, चिकू, सगळं अमेरिका खंडातलं. आम्ही याचाच एक स्टॉल मांडला होता, मिरचीच्या ठेच्यासकट. मेक्सिकोच्या एका ताईंनी ठेचा चाखला आणि आपल्या आईला फोन लावून दिला.

पेठेतला
सीताफळ पण?! बायकोला सांगतो.

शिकागोची_सून
कोणी यंदा करणार असेल तर हॉल आत्ताच बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरला आपल्या मंडळाचे गणपती, नवरात्र आणि हे, सगळे एकाच शाळेच्या हॉलमागे असतात. आमच्या मंडळाने लॅटिनो मंडळींना आपला एक शनिवार दिला, त्यांनी गणपतीला टेबलं आणि माणसं दिली.

सुगरण_नाही
आले. पानगी: तांदळाचं पीठ, दूध, गूळ, मीठ, थोडं तूप, सरसरीत भिजवून केळीच्या पानावर पसरायचं, वर दुसरं पान, तव्यावर दोन्हीकडून भाजायचं. पान करपलं की झाली. आणि तमालेसचा मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, मग धुऊन दळतात. साध्या मक्याच्या पिठाचे करायला जाऊ नका, बांधले जात नाहीत. दुकानात ‘मासा’ (masa, आपला मासा नव्हे) म्हणून तयार पीठ मिळतं तेच घ्या.

पेठेतला
गोठवलेली केळीची पानं चालतात का पानगीला?

सुगरण_नाही
चालतात, आधी गॅसवर जरा शेकून घ्या म्हणजे फाटत नाहीत.