अनुभव धागा: प्राथमिक शाळा, तंत्रज्ञान आणि आपण सोलापूरकर गुरुजी-बाई

सोलापूर जिल्ह्यात पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा आहे. वर्गात मोबाईल, टीव्ही, क्यूआर कोड कसे आले आणि त्यातून तुमची वाट कुठं वळली ते लिहा. योजना सगळ्यांना माहितीयत, तुमच्या वर्गात काय झालं ते सांगा.

सुरुवात मी करते. डी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून लागले ती अक्कलकोट तालुक्यात, पार कर्नाटकच्या शिवेला. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स तेव्हा सगळेच वेतनवाढीसाठी करायचे, मीही केलं, पण वर्ड-एक्सेल पहिलीच्या लेकराला काय उपयोगाचं? घरात कन्नड, पुस्तक मराठी, पोरं नुसती तोंडाकडं बघत बसायची. मग चौथीतल्या एका मुलीला चित्रं दाखवून तिचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला, आधी कन्नडमधून सांगायचं मग तेच मराठीतून. ते लावलं की पहिलीची पोरं मोबाईलला कान लावून बसायची, तिच्या मागोमाग मराठी वाक्य म्हणायची, आणि संपलं की "बाई अजून एकदा". विकत मिळणाऱ्या कुठल्याच ॲपनं हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

माढा, जि.प. शाळा
परितेवाडी आमच्याच तालुक्यातली. रणजितसिंह डिसले गुरुजींनी तिथल्या जि.प. शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढं बालभारतीची पुस्तकंच कोड छापून यायला लागली, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटली. आमच्यासारख्यांना त्यातून एवढं कळालं की कोड म्हणजे नुसती वाट, पलीकडं काय ठेवायचं ते गुरुजीनं ठरवायचं. मी कविता स्वतः चालीवर म्हणून टाकल्या आणि कोडचे कागद दूध डेअरीच्या भिंतीवर चिकटवले, कारण पोरांचे वडील खिशात फोन घेऊन सकाळ-संध्याकाळ तिथंच येतात. किटली हातात धरून लेकराची कविता ऐकणारा बाप बघितला आणि मला या कामाची गोडी लागली ती कायमची.

सोलापूर शहर, पूर्व भाग
आमच्या मुलांच्या घरी तेलुगू, आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. 2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा सगळीकडं ऑनलाईन तासाचं चाललेलं, पण आमच्याकडं घरात फोन एकच, तोही वडील रात्री कामावरून आले की मिळणार आणि नेटपॅक संपलेला. म्हणून मी साधा कॉल करायचे, चार-पाच मुलं कॉन्फरन्सवर घेऊन पाढे आणि गोष्ट. मुलांपेक्षा आयाच जास्त ऐकायच्या, विड्या वळता वळता मधेच उत्तर द्यायच्या. त्याच आया आता पालकसभेला हक्कानं बोलतात. तंत्रज्ञान म्हटलं की लोकांना महागडा स्मार्ट बोर्डच दिसतो याचं फार वाईट वाटतं.

पंढरपूरकडचा, आता साधनव्यक्ती
वर्गातून प्रशिक्षणाकडं आलोय, त्यामुळं बऱ्याच शाळा बघायला मिळतात. 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला, त्यानंतर गावोगाव लोकवर्गणी झाली, प्रोजेक्टर आले, लोकांनी खरंच मनापासून पैसे दिले. पण वीजबिल कुणी भरायचं हे कुणी ठरवलंच नाही. बिल थकलं, मीटर तुटलं, टीव्ही कपाटात. जिथं चालू राहिलं तिथं दोन गोष्टी दिसतात, गावानं बिलाची सोय केलेली असते आणि गुरुजींकडं पेनड्राइव्हवर स्वतः निवडलेलं साहित्य असतं, नेट असो नसो. त्यामुळं प्रशिक्षणात मी आता बटणं दाखवत नाही, प्रत्येकाकडून दोन मिनिटांचा एक ऑडिओ बनवून घेतो आणि तो दुसऱ्या दिवशी वर्गात लावायला सांगतो. बदली होऊन साहेब बदलले तरी हे टिकतं.

करमाळा, नवीनच लागलेली
सर, आमची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडं पहिली-दुसरी एकत्र आणि टॅब एकच. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की हंगामात नवी पोरंपण येऊन बसतात. कुणाला द्यायचा टॅब?

साधनव्यक्ती
ताई, दुसरीला द्या, चार-पाच जणांच्या गटात, ऐकून झालं की वहीत चित्र काढायचं. तेवढ्या वेळात तुम्ही पहिलीजवळ बसा. टोळीतल्या पोरांना त्यांच्या गावाकडची गाणी म्हणायला लावून रेकॉर्ड करा, ती गटात लवकर मिसळतात. रात्री फोन करा, माझ्याकडचे ऑडिओ पाठवतो.